क्षमा करायची कोणी?

अमेरिकेत भाड्याचं घर नाकारलं गेलं की मागोमाग एक पत्र येतं. १९७०च्या ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट’ या कायद्याने ते पाठवणं घरमालकावर बंधनकारक केलं आहे. ज्या कंपनीच्या अहवालावरून नकार दिला, तिचं नाव आणि पत्ता त्यात असतो. साठ दिवसांच्या आत तो अहवाल फुकट मागवता येईल, त्यात चूक असेल तर तक्रार करता येईल, हेही लिहिलेलं असतं. आणि खाली कुठेतरी एक वाक्य असतं: हा निर्णय सदर कंपनीने घेतलेला नाही आणि तो का घेतला गेला हे ती सांगू शकणार नाही.

कायद्याच्या नजरेने हे वाक्य चोख आहे. कंपनी फक्त माहिती पुरवते. पण ते पत्र घेऊन माणूस इमारतीच्या ऑफिसात गेला की तिथली मॅनेजर स्क्रीनकडे बोट दाखवते. तिच्या हातात काही नसतं, सिस्टिमने नाही म्हटलेलं असतं. सिस्टिम कंपनीची, आणि कंपनीच्या मते निर्णय मालकाचा. मालक बरेचदा दुसऱ्याच राज्यात नोंदवलेली एखादी गुंतवणूक संस्था. ज्या हॉस्पिटलचं बिल थकल्यामुळे हे सगळं झालं ते तर या संभाषणात कुठेच नाही, कारण त्याने आपलं येणं वसुली कंपनीला कवडीमोलाने विकून केव्हाच हात झटकलेत.

अशा वेळी त्या माणसाला चूक कबूल करून क्षमा मागायची झाली, तर ती कोणापुढे मागायची?

प्रश्न भाड्याच्या घराचा वाटतो, पण तो फार जुना आहे. कर्ज आणि क्षमा यांचा विचार न केलेला धर्म शोधून सापडायचा नाही. आणि वाटतं त्याच्या उलट, यातल्या कोणत्याही धर्माने कर्ज किरकोळीत घेतलेलं नाही.

आधी व्यवहार. अमेरिकेत तीन मोठ्या कंपन्या, एक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि ट्रान्सयुनियन, जवळपास प्रत्येक प्रौढ माणसाच्या उधारीची नोंद ठेवतात. त्या नोंदींवरून ३०० ते ८५० या पट्ट्यातला एक आकडा निघतो. ‘फायको स्कोअर’ नावाने तो १९८९पासून आजच्या रूपात वापरात आहे. थकलेला हप्ता, वसुलीला गेलेलं बिल यांची नोंद सात वर्षं राहते, दिवाळखोरीची दहा वर्षं. १९७०च्या मूळ कायद्यात दिवाळखोरीला चौदा वर्षं होती, १९७८मध्ये ती दहावर आली. बिघाडाची कारणं सहसा काव्यात्म नसतात: आजारपण, घटस्फोट, गेलेली नोकरी, दोघांच्या नावावरचं क्रेडिट कार्ड. २०१३मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने केलेल्या पाहणीत दर पाच ग्राहकांमागे एकाच्या किमान एका अहवालात चूक आढळली होती. आणखी एक गंमत म्हणजे, भाडेकरूने वर्षानुवर्षं एक तारखेला भरलेलं भाडं बहुतेक वेळा या नोंदीत येतच नाही. भाडं थकून ते वसुलीवाल्याकडे गेलं, की मात्र येतं. पुण्य लिहायला वही नाही, पापाला आहे.

चित्रगुप्ताची आठवण इथे कोणाही मराठी माणसाला होईल. पण चित्रगुप्त दोन्ही बाजू लिहितो, आणि त्याची वही ज्याच्यापुढे वाचली जाते त्याला निवाड्याचा अधिकार असतो. अमेरिकन अहवालाच्या बाबतीत नेमका हाच अधिकार सापडत नाही.

ज्यू धर्मशास्त्रात याचा फार काटेकोर विचार आहे. ‘मिश्ना’ या ग्रंथातल्या योम किप्पुरच्या प्रकरणात असा नियम आहे की, माणसाने देवाविरुद्ध केलेली पापं त्या प्रायश्चित्ताच्या दिवशी धुतली जातात, पण माणसाने माणसाविरुद्ध केलेलं पाप, ज्याचं बिघडवलं त्याचं समाधान केल्याखेरीज धुतलं जात नाही. म्हणजे देवसुद्धा परस्पर क्षमा करत नाही. अधिकार ज्याचं नुकसान झालं त्याचा. हा नियम एकदा मान्य केला की नकाराच्या त्या पत्रातली अडचण उघडी पडते. घरमालकाचं काहीच बुडालेलं नाही. त्यामुळे त्याला क्षमा करण्याचा अधिकारच नाही, त्याला फक्त लक्षात ठेवता येतं. आणि ज्याचं बुडालं त्याने क्षमेचा हक्कही वहीबरोबर विकून टाकला.

हीच गोष्ट आपल्याकडे देहूत घडलेली आहे, फक्त ती कधी या बाजूने पाहिली जात नाही. तुकोबांच्या घरी सावकारी होती. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बसला, पहिली बायको गेली, दिवाळं निघालं. त्यानंतर वडिलांच्या वेळची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. ही गोष्ट सांगताना कीर्तनकार बहुधा नदीपाशी थांबतात. त्याआधी काय झालं ते जास्त बोलकं आहे. धाकटे भाऊ कान्होबा यांनी हरकत घेतली, तेव्हा खतांच्या दोन वाटण्या झाल्या. कान्होबांचा अर्धा भाग त्यांच्या हाती गेला आणि तुकोबांनी बुडवली ती आपल्या वाट्याची खतं. भावाचं येणं माफ करणं हे पुण्य नसून चोरी झाली असती, हे त्या वाण्याला पक्कं ठाऊक होतं. विरक्तीच्या लाटेतसुद्धा हिशेब चुकला नाही.

याच चरित्रात एक उपकथा आहे. तुकोबांची बाजारातली पत गेल्यावर त्यांची दुसरी बायको जिजाई हिने स्वतःच्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून त्यांना व्यापाराला पाठवलं. आजच्या भाषेत को-सायनर. मिठाचा व्यवहार करून नफा झाला आणि परतीच्या वाटेवर कर्जापायी अडकवलेल्या एका ब्राह्मणाला सोडवण्यासाठी तो पैसा देऊन टाकला. जिजाईला काय वाटलं असेल याची कल्पना कोणत्याही जामीनदाराला करता येईल.

पत नोंदवणारी वही अमेरिकेत कोणी सुरू केली हे पाहिलं तर धर्माचा धागा आणखी घट्ट होतो. लुईस टॅपन हा न्यूयॉर्कचा रेशमाचा व्यापारी, कट्टर धार्मिक घरात वाढलेला, आणि गुलामगिरीचा तितकाच कट्टर विरोधक. १८३४च्या दंगलीत गुलामगिरीच्या समर्थकांनी त्याच्या घरातलं सामान रस्त्यावर काढून पेटवलं होतं. ‘अमिस्ताद’ जहाजावर बंड केलेल्या आफ्रिकी लोकांच्या बचावासाठी पैसा आणि वकील उभे करणाऱ्यांत तो पुढे होता. १८३७च्या मंदीत त्याची आणि त्याच्या भावाची पेढी कोसळली. उधारीवर माल नेलेल्यांनी पैसे दिले नाहीत, हे एक कारण. त्या अनुभवातून १८४१मध्ये त्याने ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली. गावोगावचे वकील आणि दुकानदार तिला खबर पाठवत, आणि न्यूयॉर्कमध्ये ती मोठमोठ्या वह्यांत उतरवली जाई. कोण उद्योगी आहे, कोण पितो, कोणाच्या सासऱ्याकडे पैसा आहे, कोणाची बायको उधळी आहे, असं सगळं त्यात असे. त्या कंपनीच्या वह्या आज हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात आहेत.

टॅपनच्या मनात पाप-पुण्याची कल्पना आणि पत यांच्यात भिंत नव्हती. सचोटीचा माणूस कर्ज फेडतो, म्हणून सचोटी नोंदवली की व्यापार शुद्ध होईल, असा त्याचा हिशेब. त्यात ढोंग नव्हतं, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. माणसाला साखळीतून सोडवण्यासाठी पदरमोड करणाऱ्या गृहस्थानेच लाखो माणसांना त्यांच्या भूतकाळाशी बांधणारी यंत्रणा उभी केली, आणि दोन्ही कामं एकाच श्रद्धेने केली. पण वही आली की वहीतली अफवाही आली. ओहायोतल्या नॉरवॉक गावच्या एका दुकानदाराची बायको घटस्फोट मागणार आहे अशी खबर नोंदली गेली, न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी माल द्यायचा बंद केला, आणि प्रकरण कोर्टात गेलं. ज्यूरीने १८५१मध्ये दुकानदाराला दहा हजार डॉलर भरपाई ठरवली. पुढे सर्वोच्च न्यायालयात तो निकाल टिकला नाही. टॅपनने उतारवयात एक पुस्तिका लिहिली. श्रीमंत असणं योग्य आहे काय, हा तिचा विषय.

वहीलाच दोष द्यायचा, हा सोपा मार्ग. तो कुराण घेत नाही. कुराणातली सगळ्यात मोठी आयत कर्ज लिहून ठेवण्याविषयीची आहे: मुदत लिहा, लेखनिक बसवा, साक्षीदार घ्या. आणि तिच्या दोनच आयती आधी, ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, सोडून दिलंत तर अधिकच चांगलं, असं सांगितलं आहे. नोंद आणि सूट एकाच पानावर. कारण तिथे नोंद ठेवणारा आणि सूट देऊ शकणारा समोरासमोर बसले आहेत.

बौद्ध परंपरेतलं उदाहरण अधिक अवघड आहे, म्हणून अधिक कामाचं. बुद्धाचा संघ सगळ्यांना खुला होता असं आपण म्हणतो, आणि जातीपुरतं ते खरंच होतं. पण विनयपिटकात एक गोष्ट आहे. एक कर्जबुडवा पळून आला आणि भिक्षू झाला. सावकारांनी त्याला ओळखलं. पण संघात गेलेल्याला हात लावायचा नाही, असं बिंबिसार राजाचं फर्मान असल्याने ते चरफडत राहिले. लोक कुजबुजू लागले, की हे श्रमण कर्जबुडव्यांना आसरा देतात. तेव्हा बुद्धाने नियम केला: कर्जदाराला प्रव्रज्या द्यायची नाही. आजही उपसंपदेच्या, म्हणजे भिक्षूच्या पूर्ण दीक्षेच्या, विधीत उमेदवाराला जे प्रश्न विचारतात, त्यांत कर्ज नाही ना, असा प्रश्न असतो.

म्हणजे मोक्षाच्या वाटेवरही क्रेडिट चेक! असं म्हणून हसता येईल. पण बारकाईने पाहिलं तर दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. एक, प्रश्न खुद्द त्या माणसाला विचारला जातो आणि त्याच्या तोंडचं उत्तर धरलं जातं. दुसरी, प्रश्न वर्तमानाचा आहे. आज कर्ज आहे का? सहा वर्षांपूर्वी होतं का, ते फेडायला उशीर झाला होता का, हे संघ विचारत नाही. कर्ज फिटलं की दार उघडं. अमेरिकन अहवालात फेडलेलं कर्जही ‘उशिरा फेडलेलं’ म्हणून उरतं. वसुलीला गेलेली वैद्यकीय बिलं फेडली तरी नोंदीत राहत असत. ती काढून टाकण्याचं तिन्ही कंपन्यांनी २०२२मध्ये ठरवलं, आणि पुढच्या वर्षी ५०० डॉलरच्या आतली न फेडलेलीही काढली. कर्ज हे देणं आहे की डाग, हा तो भेद. देणं फिटतं, डागाला वेळ जावा लागतो.

डागाचं काय करायचं यावर संघही गोंधळला होता, हे नमूद केलेलं बरं. अंगुलिमालाला बुद्धाने भिक्षू केलं, ती गोष्ट शाळकरी पोरांनाही माहीत असते. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये ती घेतली आहे. पण विनयपिटक सांगतं की त्याला पाहून लोक घाबरले, दारं लावून घेऊ लागले, आणि मग कुख्यात दरोडेखोराला यापुढे दीक्षा देऊ नये असा नियम झाला. अंगुलिमाल मात्र संघातच राहिला. गावात भिक्षेला गेला की त्याच्यावर दगड पडत. रक्तबंबाळ होऊन आला तेव्हा बुद्धाने त्याला सोसायला सांगितलं. ज्यांची माणसं मारली गेली त्या गावाने विसरावं, असा हट्ट बुद्धाने धरला नाही.

विसरण्याला मुदत घालण्याचं काम आपल्या धर्मशास्त्राने केलं, आणि ते आश्चर्य वाटावं इतक्या व्यवहारी बुद्धीने. एरवी स्मृतींचा सूर कडक आहे. कर्ज न फेडता मेलेल्या तपस्व्याच्या तपाचं पुण्य सावकाराच्या खात्यावर जमा होतं, असं नारदस्मृती सांगते. पण त्याच परंपरेत बापाचं कर्ज मुलाने व्याजासकट फेडावं, नातवाने फक्त मुद्दल, आणि पणतूने फेडायची गरज नाही, अशी उतरंड आहे. बापाने जुगारात आणि दारूत केलेल्या कर्जाची जबाबदारी मुलावर नाही. आणि दामदुपट: एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. मुंबई इलाख्यात ब्रिटिश न्यायालयांनीही हा नियम पाळला. कर्जाला आयुष्य असतं आणि ते माणसाच्या आयुष्याहून बेसुमार मोठं होऊ द्यायचं नाही, एवढं तरी स्मृतिकारांना कळत होतं. अर्थात शास्त्र पोथीत आणि तगादा दारात, हा अनुभवही आपलाच. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींनी मराठा सरदारांना व्याजाने पैसे दिले, आणि थोरले बाजीराव पेशवे ज्या धनकोंना अजिजीची पत्रं लिहीत त्यांत हे गुरुमहाराजही होते. अध्यात्म आणि सावकारी एकाच मठात नांदू शकतात.

१२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाला एक गोष्ट ठळक दिसली: लोकांना हवे होते कर्जरोखे. ते मिळाले की जाळायचे. जिथे सावकाराने ते मुकाट्याने दिले तिथे सहसा त्याच्या अंगाला हात लागला नाही. आपण वही नष्ट करतो आहोत, माणूस नाही, हे त्या जमावाला कळत होतं. यातून १८७९चा दख्खनचा शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबवलं आणि न्यायाधीशावर एक वेगळंच काम सोपवलं. रोखा पुढे आला की त्यावरचा आकडा खरा मानून चालायचं नाही. रोख्याच्या मागे जायचं, पहिली उचल किती होती, व्याज कसं चढत गेलं, सगळा इतिहास उकरायचा, आणि मग हुकूमनामा द्यायचा.

रोख्याच्या मागे जाणं हेच क्रेडिट स्कोअरला जमत नाही. कॅन्सरच्या उपचारात बुडालेला हप्ता आणि कॅसिनोत बुडालेला हप्ता तिथे सारखेच दिसतात. जुगाराचं कर्ज मुलावर न टाकणाऱ्या पोथीतल्या स्मृतिकार बृहस्पतीनेसुद्धा एवढा फरक केला होता.

मग आकडा नकोच का? इथे थोडं थांबायला हवं, कारण आकड्याच्या बाजूने बोलणारा सगळ्यात मोठा साक्षीदार मराठी आहे. १९१७मध्ये आंबेडकर बडोद्याला गेले ते ऋण फेडायलाच: गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीच्या करारात नोकरीची अट होती. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा तरुण बडोद्यात राहायला खोली शोधू शकला नाही. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिला. काही दिवसांत काठ्या घेतलेले पारशी आले आणि त्याला बाहेर काढलं. एका हिंदू आणि एका ख्रिश्चन मित्राने घरात घ्यायला असमर्थता दाखवली. कामाठी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. कर्जाच्या बाबतीत याहून नेक माणूस कोणत्या घरमालकाला मिळाला असता? पण बडोद्याने पाहिली ती जन्माची नोंद, आणि तिला सात वर्षांची मुदत नव्हती.

पुण्यात किंवा मुंबईत आजही एजंटचा पहिला प्रश्न आडनावाचा असतो, दुसरा नॉनव्हेजचा, तिसरा लग्न झालंय का. धर्म विचारायची गरज पहिल्या प्रश्नातच भागते. आकडा यातलं काही विचारत नाही. अमेरिकेतही एके काळी पत तपासणं म्हणजे शेजाऱ्यांकडून गोळा केलेल्या गप्पा असत. आजच्या एक्विफॅक्सची पूर्वज कंपनी लोकांच्या पिण्याच्या आणि बाहेरख्यालीपणाच्या बातम्या फाइलबंद करायची, त्यावरच्या संतापातून १९७०चा कायदा आला. कर्ज देताना स्त्री-पुरुष आणि विवाहित-अविवाहित असा भेद करायला १९७४च्या कायद्याने बंदी झाली, दोन वर्षांनी वंश आणि धर्म यांचीही भर पडली. आंधळा आकडा हा त्या काळी सुधारकांचा विजय होता. तो पुरता आंधळा निघाला नाही, कारण ज्यांच्या वस्त्यांना दशकानुदशकं कर्जच दिलं गेलं नाही त्यांच्याकडे ना पुंजी जमली ना पत. पण आडनाव विचारणाऱ्या एजंटाकडे परत जायचं का, या प्रश्नाचं उत्तर कोणी शहाणा माणूस सहज ‘हो’ देणार नाही.

घरमालकाचीही बाजू आहे. जर्सी सिटीत दुमजली घर घेऊन वरचा मजला भाड्याने देणाऱ्या मराठी कुटुंबाला बँकेचा हप्ता चुकवता येत नाही. भाडेकरूने तीन महिने थकवलं तर कोर्टातून घर रिकामं करून घ्यायला किती काळ जाईल याचा नेम नाही. समोरचा माणूस अनोळखी, त्याचं गाव अनोळखी. ते स्कोअर विचारतात यात दुष्टपणा नाही. आणि याच कुटुंबाने काही वर्षांपूर्वी उलट बाजूही भोगलेली असते. भारतातून नव्याने आलेल्याकडे अमेरिकन नोंद शून्य असते. सिबिलचा स्कोअर कितीही चांगला असो, तो आपोआप समुद्र ओलांडत नाही. ज्याने कधी कर्जच घेतलं नाही त्याच्याकडेही कर्ज बुडवल्यासारखं पाहतात. मग कोणाचा तरी मावसभाऊ सही करतो, कोणाची कंपनी पत्र देते, विद्यार्थी असेल तर चौघांत एक फ्लॅट आणि लीज ज्याचा स्कोअर आहे त्याच्या नावावर. यक्षप्रश्नात सुखी कोण याचं युधिष्ठिराने दिलेलं उत्तर, ऋण नसलेला, परदेशी न गेलेला, स्वतःच्या घरी उशिरा का होईना भाजी शिजवून खाणारा, हे न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या बेसमेंटमध्ये फारच बोचतं.

तर आकडा हवा आणि क्षमाही हवी, अशी ही पंचाईत. क्षमा नियमाने करायला गेलं की काय होतं हेही ज्यू इतिहासात दिसतं. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात दर सातव्या वर्षी कर्जं सोडून द्यायची आज्ञा आहे, आणि सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला नाही म्हणू नका, असा इशाराही लगेच दिला आहे. लोकांनी नेमकं तेच केलं. कर्ज मिळेना. शेवटी इसवी सनाच्या सुरुवातीच्या सुमाराला हिलेल नावाच्या धर्मशास्त्र्याने ‘प्रोझबुल’ नावाचा दस्तऐवज काढला: येणं न्यायालयाच्या स्वाधीन करायचं, म्हणजे ते खाजगी राहत नाही आणि सातव्या वर्षी बुडत नाही. गरिबाला कर्ज मिळावं म्हणून गरिबाची माफी काढून घेतली. १८७९च्या कायद्यालाही सावकारांनी अशीच बगल दिली. कर्जरोख्याऐवजी जमिनीचं खरेदीखतच लिहून घ्यायला लागले.

अलीकडे अमेरिकेत क्षमा विकत घेण्याचा प्रयोग झाला. वसुलीच्या धंद्यातल्या दोघा जुन्या माणसांनी २०१४मध्ये ‘आरआयपी मेडिकल डेट’ ही संस्था काढली. आता तिचं नाव ‘अनड्यू मेडिकल डेट’ आहे. थकलेली हॉस्पिटलची बिलं बाजारात इतकी स्वस्त मिळतात की देणगीच्या एका डॉलरमध्ये सुमारे शंभर डॉलरचं कर्ज घेता येतं. संस्था ते विकत घेते आणि माफ करते. २०१९मध्ये शिकागोतल्या काही चर्चनी मिळून असं पाच दशलक्ष डॉलरहून जास्त कर्ज माफ करवलं. धर्माच्या दृष्टीने यातली खुबी अशी की क्षमेचा अधिकार विकला गेला आहे हे ओळखून त्यांनी तो अधिकारच विकत घेतला. मिश्नाच्या नियमात बसणारी माफी मग कायदेशीर झाली. टॅपनने हे पाहिलं असतं तर त्याला काय वाटलं असतं, हा विचार मनोरंजक आहे. कदाचित त्याने वर्गणी दिली असती आणि माफी मिळालेल्यांची नावं वहीत उतरवून ठेवली असती.

पण कर्ज माफ झालं तरी घरमालकाच्या स्क्रीनवरचा निकाल बदलायला कोणाला तरी तो उघडून पाहावा लागतो. मॅसेच्युसेट्समधल्या एका स्त्रीला भाड्यासाठी सरकारी मदतीचं व्हाउचर मिळालेलं होतं, आधीच्या घरमालकाची शिफारस होती, वर्षानुवर्षं भाडं वेळेवर भरल्याचा पुरावा होता. ‘सेफरेंट’ या कंपनीच्या स्कोअरवरून तिला नकार मिळाला आणि अपील घेतलं जात नाही, निकाल फिरवता येत नाही, असं उत्तर आलं. २०२२मध्ये तिने आणि तिच्यासारख्यांनी दावा लावला. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये सव्वादोन दशलक्ष डॉलरहून अधिक रकमेवर तडजोड मंजूर झाली. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण व्हाउचर असलेल्यांसाठी तो स्कोअर पाच वर्षं न देण्याचं कबूल केलं.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४पासून कायदा बदलला आहे. भाड्यासाठी सरकारी मदत मिळणाऱ्या अर्जदाराच्या क्रेडिटचा इतिहास पाहायचा असेल, तर मालकाने त्याला दुसरा पुरावा देण्याची संधी आधी दिली पाहिजे: पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, आजवर भरलेल्या भाड्याच्या नोंदी. हा पुरावा दिला तर मालकाने तो वाजवीपणे विचारात घेतला पाहिजे आणि क्रेडिटचा इतिहास बाजूला ठेवला पाहिजे. सुप्याच्या दंगलीनंतर न्यायाधीशाला सांगितलं होतं ते काम, रोख्याच्या मागे जाण्याचं, आता घरमालकाला सांगितलं आहे. फक्त न्यायाधीशाला त्याचा पगार होता, घरमालकाला नाही. आणि ज्यांना सरकारी मदत मिळत नाही, पण हॉस्पिटलच्या बिलापायी ज्यांचा आकडा पाचशेच्या घरात आला आहे, त्यांना या कायद्याचा काही उपयोग नाही. ते अजूनही पावत्यांची फाइल घेऊन जातात, आणि ती उघडायची की नाही हे समोरच्याच्या मर्जीवर असतं.